बरं असणं मोजताना

प्रिय चिमण्या,

कानशिलावर पांढरे केस आलेल्या माणसाला चिमण्या म्हणू नये, असं तुझ्या बाबांचं मत आहे. पण मायना मी लिहायचा आणि पाकिटावरचा पत्ता त्यांनी, अशी आमची वाटणी झाली आहे. त्यामुळे मायन्यात त्यांनी नाक खुपसायचं कारण नाही. आपण एक-दोन दिवसांआड फोनवर बोलतो, मग आईला एकाएकी पत्र लिहायची हुक्की का आली, असं तुला वाटेल. वाटू दे. फोनवर तू 'बरं बरं, कळलं' म्हणून माझी गाडी मध्येच थांबवतोस, आणि मला जे सांगायचंय ते जरा लांबलचक आहे. कागदाला मध्ये बोलता येत नाही.

सुरुवात तू पाठवलेल्या घड्याळापासून करते. खरं सांगते, पार्सल उघडलं तेव्हा मी नाराजच झाले होते. आईला घड्याळ पाठवायचं तर छान नाजूक पट्ट्याचं पाठवावं. हे काळं, जाडजूड, आणि वेळ सोडून बाकी सगळं सांगणारं. छातीचे ठोके, झोप, मनावरचा ताण, सगळं. वर ते सगळं तिकडे तुझ्या फोनवरही दिसायचं, म्हणजे हजार कोसांवरून माझी नाडी तुझ्या हातात. पहिल्या महिन्यातच तुझा फोन आला. 'आई, कामावर असतेस तेव्हा तुझे आकडे बघवत नाहीत. आता बास. निवृत्तीला वर्ष उरलंय, पण तू आत्ताच सोड.' मागून बाबाही सुरू झाले. तुम्ही दोघांनी आपापसात ठरवूनच टाकलं होतं, आणि मला फक्त कळवायचं बाकी ठेवलं होतं. तेव्हा मी 'बघू' म्हणाले. माझ्या 'बघू'चा अर्थ तुम्हा दोघांना अजून कळलेला नाही.

मला चिमटा बसला तो वेगळ्याच कारणाने. आकडे खोटे नव्हते. मी दमत होते, झोप तुटत होती. घरी आले की दारातल्या स्टुलावर बूट न काढता तशीच बसून राहायचे. पण इतकी वर्षं मी रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेतलेत. लोकांच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट वेळेला त्यांच्या कानात जो आवाज असतो, तो माझा. ते काम मला झेपत नाही, असं कुणी म्हटलं की मला ते नुसतं खोटं नाही, अपमानाचं वाटतं. म्हटलं, ताण आहे हे घड्याळ सांगतंय. पण कशाचा आहे, ते त्याला कुठे माहीत आहे? ते आपण शोधू. काम सोडायचं की नाही, ते त्यानंतर.

तू लहानपणी एकदा माझी कामाची खोली पाहिली होतीस. तेव्हा जाड काळे फोन होते आणि भिंतीवर शहराचा नकाशा, त्यात टाचण्या. आता आठ टेबलं आहेत, प्रत्येकावर दोन स्क्रीन, कानाला हेडफोन. खिडक्यांचे पडदे कायम ओढलेले, कारण उजेड स्क्रीनवर येतो. आणि समोरच्या भिंतीवर, अगदी डोळ्यांत घुसेल असा, एक भलामोठा बोर्ड. किती फोन थांबलेत, किती वेळ थांबलेत, कुणी किती घेतले. उशीर झाला की आकडा लाल होतो आणि लुकलुकतो. त्या बोर्डाखालून आणि आमच्या खुर्च्यांमागून आमचे साहेब दिवसभर येरझाऱ्या घालतात. माणूस वाईट नाही. पण त्यांच्या बुटांचा करकर आवाज माझ्या खुर्चीमागे थांबला की मान आपोआप आखडायची.

आमच्या इथे कर्मचाऱ्यांच्या सुखासमाधानाची काळजी घेत नव्हते, असं मात्र म्हणू नकोस. त्याच सुमारास मुख्य कचेरीने आम्हाला एक पेटी दिली होती. तिच्यावर पाच चेहरे: एक हसून हसून फुटायच्या बेतात, एक नुसता हसरा, एक कोरा, एक आंबट आणि एक रडका. घरी जाताना आपल्याला कसं वाटतंय त्याचं बटण दाबायचं. कल्पना चांगली होती, फक्त पेटी टांगली होती साहेबांच्या काचेच्या केबिनशेजारी. साहेब मान वर करून बघताहेत आणि आपण रडका चेहरा दाबतोय, एवढी छाती कुणाची? माझ्या शेजारच्या टेबलावर जी बसते तिला आम्ही मैना म्हणतो, कारण आवाज गोड आणि तोंड बंद होत नाही. एकदा तिला मी डोळे पुसत पुसत सगळ्यात हसरं बटण दाबताना पाहिलं. असं करत करत सगळ्या संस्थेत आमचा विभाग सर्वांत सुखी ठरला. प्रशस्तिपत्रक आलं, चौकट करून लावलं. त्याच आठवड्यात आमच्यातल्या दोघांनी राजीनामे दिले.

तर मी ठरवलं, मोजायचं, पण आपलं आपण. रोज संध्याकाळी चहा झाला की बाबा माझ्या फोनवर घड्याळाचा आलेख उघडून बसायचे, चष्मा कपाळावर, आणि फौजदारासारखी उलटतपासणी घ्यायचे. 'सकाळी कामावर गेल्या गेल्या इथे एक उंचवटा दिसतोय. काय केलंस?' मी आठवून सांगायचे. 'जेवणाच्या सुट्टीआधी हा डोंगर कसला?' आयुष्यभर मुलांना चित्रकला शिकवलेल्या माणसाला रेषा वाचायला मिळाल्या, मग काय, रंगातच आले. आणि खरं सांगायचं तर मलाही बरं वाटायचं. कामावर काय झालं हे इतक्या बारकाईने त्यांनी मला लग्नानंतर कधी विचारलं नव्हतं, आणि मीही कधी सांगितलं नव्हतं.

पहिलाच शोध असा लागला की बाबांना तो पटेना. एका दुपारी एका नवऱ्याचा फोन आला होता. बायकोला कळा सुरू झालेल्या, गाडी रस्त्यात अडकलेली, बाळ थांबायला तयार नाही. मी त्याला एकेक गोष्ट सांगत गेले. स्वच्छ टॉवेल आण, तिच्या पायांशी बस, ओढू नकोस, फक्त हात खाली धर. तो रडत होता, ती ओरडत होती, आणि मग मधेच तिसरा आवाज आला. त्या सगळ्या वेळात माझी रेषा तळ्यातल्या पाण्यासारखी सपाट. बाबा म्हणाले, 'घड्याळ बिघडलंय. मी नुसतं ऐकूनच घामाघूम झालो.' पण घड्याळ बिघडलं नव्हतं. कठीण फोन आला की मी शांत होते, तो माझा स्वभावच झालाय. काम मला खात नव्हतं. उलट कामात असतानाच मी सगळ्यात बरी होते.

मग डोंगर कुठे होते? एक होता फोन नसतानाचा. खोली शांत, सगळे हात बांधून बसलेले, समोर बोर्ड, मागे करकर. काहीही घडत नसताना माझं काळीज धावत होतं. आणि दुसरा, त्याहून उंच, फोन संपल्यानंतरचा. गाडी पोचते, आमची माणसं घरात शिरतात, कुणीतरी ओरडतं 'आले, आले', आणि लाईन कटते. पुढे काय झालं ते आम्हाला कधीच कळत नाही. पुढचा फोन वाजतो. आधीचं माणूस जगलं की गेलं, हा प्रश्न तसाच छातीत राहतो, आणि दिवसअखेर असे कितीतरी. इतक्या वर्षांत मला वाटायचं, ही नोकरीची रीतच आहे. रेषा बघितल्यावर वाटलं, रीत कसली, नुसती सवय आहे, आणि सवय मोडता येते.

मी साहेबांकडे गेले. तक्रार करायला नाही, कारण तक्रार म्हटलं की माणूस आधी ढाल उचलतो. मी म्हणाले, 'साहेब, बोर्ड दोन आठवडे तुमच्या केबिनकडे फिरवू. फोन उचलायला उशीर झाला तर मी स्वतः शिडीवर चढून तो परत लावून देईन.' ते म्हणाले, 'आणि वरून विचारलं तर?' मी म्हणाले, 'तुम्हाला तर दिसतोच आहे की.' त्यांनी बराच वेळ पेनाची उघडझाप केली. शेवटी हो म्हणाले, बहुधा मला शिडीवर चढलेलं बघायच्या आशेने. उशीर झाला नाही. उलट फोन थोडे लवकरच उचलले जाऊ लागले, कारण माणसं बोर्डाकडे बघायची ती आता फोनकडे बघू लागली. गंमत म्हणजे पंधरा दिवसांनी साहेबांनी मला हळूच बोलावून विचारलं, 'हे तुमचं घड्याळ कुठे मिळतं हो?' तो लाल आकडा दिवसभर एकट्याने बघून त्यांचंच डोकं भणभणायला लागलं होतं. आता बोर्ड दिवसातून ठरलेल्या वेळी लावतात, बाकी बंद. आणि बुटांना नवे तळ बसवलेत, ते मात्र मी सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट सुट्टीची. जड फोन झाला की हात वर करायचा, उठायचं, मागच्या गॅलरीत जाऊन यायचं, कुणी काही विचारायचं नाही. साहेबांनी ते मान्य केलं, आणि मग आठवडा गेला तरी एकही हात वर होईना. आपण कच्चे ठरू अशी प्रत्येकाला धास्ती. तेव्हा मीच हात वर केला. खरं तर फोन साधा होता, कुणाचं तरी बोट दारात सापडलेलं. पण मी सगळ्यांत जुनी. मी उठून गेले, गॅलरीत उभी राहून समोरच्या गच्चीवर वाळणारी कुणाची तरी चादर बघितली आणि परत आले. दुसऱ्या दिवशी मैना उठली. मग बाकीचे. आता त्या गॅलरीत दोन खुर्च्या आणि एक कुंडी आहे, आणि कुंडीला पाणी कुणी घालायचं यावरून भांडणंही होतात.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड, आणि तिच्यात मी जवळजवळ तोंडघशी पडले होते. मी मोठ्या दवाखान्यातल्या अपघात विभागाच्या सिस्टरांना जाऊन भेटले. म्हटलं, आम्ही पाठवलेल्या माणसांचं पुढे काय होतं, ते आम्हाला कळवाल का? नाव नको, पत्ता नको, फक्त एवढंच की बरा आहे, किंवा नाही. त्या बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, 'तुम्हाला कळत नाही? इतकी वर्षं?' त्यांनी वरून परवानगी काढली. दर संध्याकाळी त्यांचा फोन येऊ लागला. पहिला आठवडा आमच्या खोलीत नुसता उत्सव होता. तो अमक्या रस्त्यावरचा सायकलवाला बसून जेवला. ती औषधाच्या गोळ्या गिळलेली मुलगी घरी गेली. ते बाळ, माझं टॉवेलमधलं बाळ, त्याचं वजन उत्तम आहे. मी तुला तेव्हा फोन करून सांगितलं होतं, आठवतंय? तू मीटिंगमध्ये होतास.

आणि मग मैनेचा फोन. एका म्हाताऱ्याने केलेला. बायको स्वयंपाकघरात कोसळली होती. मैनेने त्याला छातीवर दाब कसा द्यायचा ते सांगितलं, त्याच्याबरोबर मोठ्याने मोजत राहिली, तो थकला तर 'आजोबा, थांबू नका, मी आहे' म्हणत राहिली. गाडी येईपर्यंत त्या माणसाने दम सोडला नाही. संध्याकाळी सिस्टरांचा निरोप आला की बाई वाचल्या नाहीत. मैनेने हेडफोन काढून ठेवला, पिशवी उचलली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. फोन उचलेना. साहेब म्हणाले, 'ताई, तुमचा हेतू चांगला होता, पण हे बंद करू या.' घरी आले, आणि बाबांनी फोन मागितला नाही, मीही दिला नाही. वाटलं, शहाणपणाच्या भरात मी एका चांगल्या पोरीला मोडून ठेवलं.

चौथ्या दिवशी ती आली. डोळे सुजलेले, पण ताठ. पिशवी ठेवायच्या आधी माझ्यापाशी आली आणि म्हणाली, 'ताई, ते बंद करताय असं ऐकलं. करू नका.' मी म्हणाले, 'अगं, पण तुला...' ती म्हणाली, 'आधी काही कळायचं नाही ना, तेव्हा मी रोज सगळेच मेले असं धरून घरी जायचे. प्रत्येक घरात. आता एका घरात झालं, तेवढं मला माहीत आहे. त्या आजींसाठी मी दोन दिवस रडले. बाकीच्यांसाठी आता रडावं लागत नाही.' चिमण्या, आम्ही सगळे ऐकत होतो आणि खोलीत फोन वाजत होते, आणि तेवढ्यात तिने खुर्ची ओढून पहिला उचललाही. त्यानंतर आम्ही एक दुरुस्ती केली. ज्याला कळून घ्यायचंय त्यालाच सांगायचं. कोपऱ्यातल्या टेबलावरचे दादा म्हणाले, मला नको. त्यांना नाही सांगत. प्रत्येकाचं औषध वेगळं असतं, आणि तेही ठीक आहे.

यानंतरची गोष्ट ऐकून तू हसशील. मुख्य कचेरीतून त्या चेहऱ्यांच्या पेटीचा हिशेब बघायला एक मुलगी आली, तिशीच्या आतली, हुशार डोळ्यांची. साहेबांचा चेहरा पडलेला. सर्वांत सुखी असलेला आमचा विभाग घसरून पार मधल्या पायरीवर आला होता. लोक कोरा चेहरा दाबत होते, आंबट दाबत होते, एखाद्या दिवशी चक्क रडका. साहेबांना वाटलं, संपलं. मी म्हणाले, 'अहो, पहिल्यांदाच खरं मोजलं जातंय.' मला वाटलं होतं, त्या मुलीला हे पटवावं लागेल. पण ती एका मिनिटात सगळं समजली. विचारलं, हे बदल केल्यापासून किती जण सोडून गेले? कुणीच नाही. आजारपणाच्या रजा? कमी. तिने ते प्रशस्तिपत्रक भिंतीवरून स्वतःच्या हाताने उतरवलं आणि पेटी उचलून गॅलरीच्या दाराशी लावली. जाताना मला म्हणाली, 'मावशी, चेहऱ्यांपेक्षा मला एक प्रश्न जास्त आवडतो. काल घरी गेल्यावर तुम्ही कुणाशी तरी नीट बोललात का? कामावर माणूस कसा आहे, ते कामावर कळतच नाही. घरी कळतं.' इतक्या साध्या शब्दांत मला ते कधी सुचलं नसतं. आता दर सोमवारी आम्ही हाच प्रश्न एकमेकांना विचारतो.

मी तो बाबांनाही विचारला. म्हटलं, तुमच्या मते मी कशी आहे? ते म्हणाले, 'मी रेषाबिषा बघणं कधीच सोडलंय. माझं माप सोपं आहे. पूर्वी तू घरी आलीस की बूट घालूनच स्टुलावर बसायचीस आणि मी चहा ठेवला तरी तुला कळायचं नाही. हल्ली तू जिन्यातूनच बोलत येतेस. आधी आवाज येतो, मग तू.' आता मी दमत नाही असं नाही. वय झालंय, गुडघे कुरकुरतात, काही दिवस वाईटच असतात. पण निवृत्तीपर्यंतचे उरलेले महिने काढून मी पूर्ण पेन्शन घेऊन, सगळ्यांचा निरोप घेऊन, माझ्या पायांनी चालत त्या खोलीतून बाहेर पडणार आहे. तुम्हा दोघांना ही बातमी मी अशी लेखी कळवते आहे, म्हणजे पुन्हा तो विषय नको.

आता तू म्हणशील, आईने स्वतःची आरती छान ओवाळली. ओवाळली. पण पत्र त्यासाठी नाही. गेल्या मंगळवारी भर दुपारी तुझा फोन आला. तू दुपारी कधी फोन करत नाहीस. मी गॅलरीत होते म्हणून उचलला. बाबांच्या गुडघ्याचं विचारलंस, इकडच्या हवेचं विचारलंस, घड्याळ चार्ज करतेस ना विचारलंस. तुझा आवाज घुमत होता, म्हणजे तू जिन्यात उभा होतास. आणि उभा असूनही तुझा श्वास तीन मजले चढून आल्यासारखा होता. मी विचारलं कसा आहेस, तर तू म्हणालास 'मस्त', आणि पुढच्या शब्दाला फार वेळ लावलास. मग म्हणालास, 'बरं, ठेवतो.' पण ठेवला नाहीस. बराच वेळ तू काही न बोलता तिथेच होतास, आणि मग लाईन गेली. बाळा, ज्यांना काही सांगायचं असतं आणि सांगता येत नाही, त्यांचे फोन ऐकण्यात माझं आयुष्य गेलंय. ते असेच असतात. हवेचं विचारतात, ठेवतो म्हणतात, आणि ठेवत नाहीत. तुझ्या आकड्यांचं घड्याळ माझ्याकडे नाही, आणि मला ते नकोही. मी घाबरून लिहीत नाहीये. माझं बस्तान मी या वयात नीट बसवलं, तर तुझंही बसेल, याची मला खात्री आहे. कदाचित नोकरी सोडावी लागेल, कदाचित एखादा बोर्ड फिरवला की भागेल, ते मला इथून सांगता येणार नाही, आणि तुझ्या वतीने मी ठरवणारही नाही. मी रजा टाकली आहे. शनिवारी येते, आठवडाभर राहीन. तू कामावर जा, मी घरी असेन. संध्याकाळी आलास की चहा करून समोर बसेन, आणि तुझा दिवस पहिल्यापासून सांग म्हणेन, बाबा मला म्हणायचे तसं. सांगावंसं नाही वाटलं तर नको सांगूस. त्याआधी कधीही, दुपारी, कामाच्या मध्ये, जिन्यातून, वाटलं तर फोन कर. आमच्या खोलीत एक नियम आहे, पहिल्या दिवशी शिकवतात: समोरचा गप्प असला तरी आपण आधी फोन ठेवायचा नाही. मंगळवारी मीही ठेवला नव्हता. यापुढेही ठेवणार नाही.

तुझीच, कान फोनकडे लावून बसलेली,
आई